लंगोटाचे हात, दुधाचे हात

चि.,
अनेक आशीर्वाद.

शिशुगृहात रुजू झाल्या झाल्या औषधांचं कपाट तपासायला जाशील. ते नंतर. आधी मावशींच्या पाळ्यांचा तक्ता बघ. रात्री एकटीच मावशी लंगोट बदलते आणि तीच दूध करते, असं असेल तर जुलाबाची साथ तिथूनच पसरणार. कामं वाटून दे. माणसं कमी असतील (असतातच), तर निदान क्रम लाव: आधी सगळ्यांचं दूध, मग लंगोट. लंगोट बदलतात तिथेच नळ आणि साबण हवा; दहा पावलं चालावं लागलं की हात पदराला पुसले जातात. सॅनिटायझरवर विसंबू नकोस, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही. साबण लावून वीस सेकंद चोळायचे, वाहत्या पाण्याखाली धुवायचे. बाटल्या बंद कर, वाटी-चमचा वापर.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा आपल्या भागात टंचाईची पहिली काटकसर हात धुण्यावरच होते. ती फरशीवर कर. धुण्याऐवजी पुसून घे. टँकर रिकामा झाला की हौदात टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) कुणी टाकायची, हे नाव घालून लिहून ठेव, नाहीतर कुणीच टाकत नाही. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. थोड्या पाण्यात कालवायची, मग बादलीत पाणी वाढवून गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी हौदात ओतायची. तासाभरानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून दाखवणारी), तीही हौदावर नको, स्वयंपाकघरातल्या नळाला कर. ०.५ ची (लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन) पिवळी छटा यायला हवी. नाही आली तर पाणी गढूळ आहे किंवा पावडर मेलेली आहे; उघड्या पिशवीतल्या टीसीएलचा जोर उडून जातो.

चोवीस तासांत एकाच खोलीतल्या दोन बाळांना जुलाब झाले, की साथ समज. त्याच दिवशी त्यांना वेगळी खोली आणि वेगळी मावशी दे, आरोग्य केंद्राला कळव. जुलाब थांबल्यावरही ४८ तास बाकीच्यांत आणू नकोस. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. अंदाजानं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होतं आणि बाळ आणखी सुकतं.

नवं बाळ लसकार्डाशिवाय आलं, तर ‘दिली असेल’ असं धरू नकोस. लस झालीच नाही असं समजून डॉक्टरांकडून वयाप्रमाणे सुरू करून घे. कुणाला गोवर निघाला, तर लस न झालेल्या, नऊ महिन्यांवरच्या बाळांना संपर्कापासून ७२ तासांच्या आत एमआर (गोवर-रुबेलाची लस) मिळायला हवी. त्याहून लहान बाळांचं त्याच दिवशी डॉक्टरांना विचार.