एमजीबी घ्यावी का? आधी पत्रा बघा

एमजीबी ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात निघालेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. उघडी ती रोडस्टर आणि पक्क्या छपराची ती जीटी. पाच लाखांवर गाड्या बनल्या, त्यामुळे आजही जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो आणि पहिली क्लासिक म्हणून बरेच जण हिच्याकडेच वळतात. ही गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : घराजवळ १९७१ ची रोडस्टर विकायला आहे. मालक म्हणतो, पाच वर्षांपूर्वी पूर्ण रिस्टोअर केली, दोन्ही सिल नवे टाकले. रंग आरशासारखा आहे. गाडी पाहायला अर्धा तास मिळणार आहे. काय बघू? (स्लाऊ, इंग्लंड)

अर्धा तास पुरतो, फक्त तो बॉनेटखाली घालवू नका. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. रोडस्टरला छपराचाही आधार नाही, म्हणून दारांखालचे दोन सिल हा तिचा कणा. बाहेरून दिसते ती पट्टी म्हणजे सिल नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली ‘कॅसल रेल’ म्हणतात ती खाचाखाचांची पट्टी, हे सगळे एकमेकांना वेल्ड केलेले असते. सिलचे पुढचे टोक पुढच्या मडगार्डाआड जाते आणि मागचे मागच्या मडगार्डाआड. नीट काम करायचे तर पुढचे मडगार्ड बोल्ट काढून उतरवावे लागते आणि मागच्याचा खालचा भाग कापून नंतर परत जोडावा लागतो. तेवढी मेहनत टाळून, कुजलेल्यावरच दिसण्यापुरता नवा पत्रा चढवलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न हाच करा : ‘सिल टाकताना पुढची मडगार्डं उतरवली होती का, आणि त्या वेळचे फोटो आहेत का?’ खरे काम करून घेतलेला माणूस फोटो आनंदाने दाखवतो. फोटो नसतील तर बिलावर कामाचे किती तास लावलेत ते पाहा.

मग दाराची फट. दाराच्या मागच्या कडेची उभी फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये बसली आहे. दार अर्धे उघडून किंचित वर उचलून पाहा. ते हलले तर नुसत्या बिजागऱ्या झिजल्या असतील, आणि ते किरकोळ काम आहे. खरी परीक्षा जॅकची. दोन्ही बाजूंना सिलच्या मधोमध जॅक लावायची नळी असते. मालकाची परवानगी घेऊन तिथे जॅक लावा, चाके जेमतेम हलकी होईपर्यंत उचला आणि दार पुन्हा उघडून लावा. फट बदलली, दार अडायला लागले किंवा नळीच वर सिलमध्ये घुसायला लागली, तर पाहणी तिथेच संपली. जॅकवरच्या गाडीखाली डोके किंवा हात घालू नका.

फ्रिजवरचा चपटा चुंबक रुमालात गुंडाळून सिलवर, मडगार्डांच्या खालच्या टोकांवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. पुढच्या चाकामागे आत हात घालून वरपर्यंत चाचपा; तिथे चिखल साचतो, ओला राहतो आणि मडगार्डाचा वरचा पत्रा आतून खातो. बाहेर रंगाखाली मुगाएवढे फोड दिसू लागतात तोवर आत भोक पडलेले असते. सीटमागचा गालिचा आणि झाकण उचलून बॅटरीच्या पेट्या बघा. त्या तळाशी कुजलेल्या असणे नेहमीचे आहे, दुरुस्तीही सोपी आहे. पण मागचे पाटे जिथे पुढच्या टोकाला बॉडीला धरलेले असतात ती जागा जवळच आहे, तिथला गंज मात्र गंभीर धरा. दाराच्या छोट्या तिकोनी काचेखाली पत्र्याला उभी चीर असते. ती बहुतेक गाड्यांत सापडते, तिच्यासाठी व्यवहार मोडू नका; किंमत कमी करून घ्या.

पत्र्यावर एवढा भर देण्याचे कारण साधे आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचा खर्च आधी मांडता येतो. कुजलेल्या सांगाड्याचा खर्च उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. मूळ साच्यांवर बनवलेली संपूर्ण नवी बॉडी १९८८ पासून मिळते, पण ती घेऊन, रंगवून, सगळे सामान तिच्यावर चढवेपर्यंत चांगल्या तयार गाडीपेक्षा जास्त पैसे गेलेले असतात. म्हणून रंग फिका, सीट फाटलेली, पण सांगाडा टणक अशी गाडी चकचकीत संशयास्पद गाडीपेक्षा नेहमी चांगली.

प्रश्न : क्रोम बंपर की काळे रबरी बंपर? रोडस्टर की जीटी? नवरा म्हणतो क्रोमच, पण रबरी बंपरवाल्या बऱ्याच स्वस्त दिसतात. (लेस्टर)

१९७४ च्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या नियमांमुळे जाड काळे बंपर आले आणि हेडलाइट ठरलेल्या उंचीवर आणण्यासाठी गाडी सुमारे दीड इंच उचलली. तोटा दिसण्याचा कमी, वळणावर जास्त : उंच झालेली गाडी कलते. १९७७ च्या मॉडेलपासून मागे अँटी-रोल बार आला आणि हा दोष बराच कमी झाला. म्हणून रबरी बंपरवाली घ्यायची असेल तर १९७७ ते १९८० मधली बघा. गाडी खाली बसवलेली असेल तर कशी बसवली ते विचारा. नुसत्या स्प्रिंगा कापल्या असतील तर खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आपटते.

जीटीला छप्पर आहे, त्यामुळे सांगाडा अधिक ताठ, पावसाची चिंता कमी, मागे सामानाला जागा, आणि किंमत रोडस्टरपेक्षा सहसा कमी. इंग्लंडच्या हवेत वर्षभर चालवायची असेल तर जीटीच घ्या.

प्रश्न : गाडी पाहायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. लगेच चालू झाले, आवाज छान. मालक म्हणतो अनलेडेड पेट्रोलवर बिनधास्त चालते. एवढे पुरे का? (मिल्टन कीन्स)

नाही. परत जा, आणि ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असे आधी फोन करून सांगा. गरम इंजिन बरेच दोष लपवते.

एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन दणकट आहे. १९६४ च्या अखेरीपर्यंत क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीन मेन बेअरिंग होती, नंतर पाच. नेहमीच्या वापराला पाचवालेच घ्या. थंड इंजिन चालू होताच ऑइल प्रेशरचा काटा लगेच उठला पाहिजे. वीस मिनिटे चालवून पूर्ण गरम झाल्यावर रस्त्यावर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ पौंड दिसले तर ठीक. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ४० च्या खाली राहिले तर बेअरिंग झिजली आहेत असे धरून भाव करा. काटा खोटे बोलू शकतो, म्हणून डिपस्टिकही काढून पाहा : तेल कोरे करकरीत असेल तर ते कधी आणि कशासाठी बदलले ते विचारा.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी तशीच जाऊ द्या, मग दाबा. मागे निळा धूर निघाला तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील गेले. सतत निळा धूर निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा.

आता अनलेडेड. जुन्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देत असे. ब्रिटनमध्ये शिसेवाले पेट्रोल २००० पासून पंपावरून गेले. सिलिंडर हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका (व्हॉल्व्ह सीट) बसवलेल्या नसतील तर जोरात आणि लांब चालवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीत रुतत जातो आणि त्याची फट कमी होत जाते. थंड इंजिनवर ही फट ०.०१५ इंच असते. दर काही हजार मैलांनी ती पुन्हा पुन्हा आवळलेली सापडली की समजा सीट झिजते आहे. हेडच्या कामाचे बिल मागा. बिल नसेल तर लगेच हेड उतरवण्याची गरज नाही. शिशाऐवजी घालायचे द्रव्य टाकून चालवा आणि फट तपासत राहा. पेट्रोल मात्र ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, नको. त्यातला इथेनॉल जुने रबरी होस मऊ करतो, आणि कार्बोरेटर एक्झॉस्टच्या अगदी शेजारी आहेत. सुपर दर्जाचे ई-५ भरा, आणि होस कधीचे आहेत ते कळत नसेल तर गाडी घरी आणताच पहिल्याच आठवड्यात सगळे बदला.

प्रश्न : ओव्हरड्राइव्ह चालत नाही, ‘फक्त वायर सुटली आहे’ म्हणतात. विश्वास ठेवावा? (बर्मिंगहॅम)

बऱ्याचदा ते खरेच असते. ओव्हरड्राइव्ह म्हणजे वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर. गिअरबॉक्सवरचा स्विच, तिथली वायर, सॉलेनॉइड किंवा नुसते कमी झालेले तेल ही नेहमीची कारणे. पण मग मालकाने ती वायर जोडून गाडी का विकायला काढली नाही? भाव ओव्हरड्राइव्ह बंद धरूनच करा. दुरुस्त झाला तर फायदा तुमचा. चालू असेल तर टॉप गिअरमध्ये ४० मैलांच्या वेगाला बटण दाबल्यावर आरपीएम साधारण एक पंचमांशाने उतरले पाहिजेत, रेंगाळत नव्हे, झटक्यात.

त्याच फेरीत क्लच बघा. क्लच बदलायला इंजिन उतरवावे लागते, म्हणून घसरणारा क्लच ही किरकोळ बाब नाही. १९६७ च्या अखेरीपूर्वीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर करकर न होता बसवणारी जोडणी, नव्हती. तिथे चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना करकर होणे हा दोष नाही.

प्रश्न : पुढची चाके हादरतात. चाकांचे बॅलन्सिंग करून जाईल का? (हॅरो)

जाईलही, पण आधी किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते ती उभी खीळ, तपासा. पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवा. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर थांबले तर चाकाचे बेअरिंग, तरीही हलत राहिले तर किंगपिन. प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निपल असतात आणि दर ३००० मैलांनी ग्रीस मारावे लागते. हे न केल्यानेच ते मरतात. निपल कोरडे आणि धुळीने बंद दिसले तर बाकी सर्व्हिसिंगही तसेच झाले असणार. तारांची चाके असतील तर ब्रेक दाबून चाक पुढे-मागे फिरवून बघा. ‘खट्ट’ वाजले तर हबचे दाते झिजलेत. मग नुसते चाक बदलून भागत नाही, हबही बदलावे लागतात.

प्रश्न : टॅक्स नाही, एमओटी नाही, मग खर्चच काय? (लंडन)

४० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची हिस्टॉरिक वर्गात नोंद झाली की रोड टॅक्स लागत नाही. मोठे फेरफार नसतील तर एमओटी ही गाडीची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा यूलेझ आकारही नाही. नोंद आपोआप होत नाही. मागच्या मालकाने ती केली का ते कागदावर बघा.

एमओटी सक्तीची नसली तरी दरवर्षी करून घ्या. तिची शुल्कमर्यादा ५४.८५ पौंड आहे आणि गाडी लिफ्टवर घेऊन परक्या माणसाने खालून पाहणे याला तोड नाही. घेण्यापूर्वी गाडीच्या नंबरवरून सरकारी संकेतस्थळावर जुन्या एमओटीचे निकाल वाचा. २००५ नंतरचे मैल आणि शेरे तिथे असतात. ‘सिलजवळ गंज’ हा शेरा दोन वर्षे येऊन मग तपासणीच बंद झाली असेल, तर त्याचा अर्थ उघड आहे. विमा ठरीव किमतीचा घ्या आणि फोटो जोडा. व्ही-फाइव्ह-सी हा नोंदीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. विक्रीची पावती वेगळी घ्या. चॅसी क्रमांकात जीएचएन म्हणजे रोडस्टर आणि जीएचडी म्हणजे जीटी. पुढे ‘एल’ किंवा ‘यू’ दिसला तर गाडी मूळची डाव्या स्टिअरिंगची, बहुधा अमेरिकेतून परत आलेली. कोरड्या राज्यांतून आलेल्यांचा पत्रा बरेचदा उत्तम असतो, रबर आणि सीट मात्र उन्हाने गेलेली.

प्रश्न : इथे १९७७ ची फारच सुस्थितीतली मिळते आहे. घेऊ? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

आधी स्मॉग प्रमाणपत्र, म्हणजे धुराच्या तपासणीचे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ही तपासणी नाही, १९७६ पासूनच्यांना आहे, आणि विक्रीच्या वेळी ते प्रमाणपत्र देणे विक्रेत्याचे काम आहे. ‘तुम्ही करून घ्या, किंमत कमी करतो’ हे मान्य करू नका. या वर्षीच्या गाडीला एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर, एअर पंप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळचे आहेत. अमेरिकेसाठीची ताकद अवघी ६२.५ अश्वशक्ती होती, त्यामुळे पूर्वीच्या मालकांनी हे सामान काढून वेबर कार्बोरेटर बसवणे सर्रास चालले. राज्याची मान्यता नसलेला बदल असेल तर धूर कितीही स्वच्छ असो, डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीत गाडी नापास. मन एमजीबीवरच असेल तर १९७४ च्या पहिल्या सहामाहीपर्यंतची शोधा : क्रोम बंपर, दोन एसयू कार्बोरेटर, आणि स्मॉगची कटकट नाही.

प्रश्न : भाऊ इंग्लंडमध्ये आहे. त्याची १९७२ ची जीटी पुण्याला आणता येईल का? की इथेच शोधू? (पुणे)

आता आणता येईल, पण कस्टमचे नियम आधी तपासा. वापरलेली गाडी भारतात मोकळेपणाने आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, पण विंटेज गाड्यांना सवलत आहे. पूर्वी ती १९५० च्या आधीच्या गाड्यांनाच होती; २०२५ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना आहे, त्यामुळे १९७२ ची तीत बसते. भारतात आधीपासून नोंदलेली मिळाली तर तीही घेता येईल, पण गाडीइतकाच वेळ कागदांना द्या. आरसीवरचा चॅसी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या पट्ट्यांशी स्वतः जुळवून पाहा आणि मूळ आयातीचे कस्टमचे कागद मागा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते : नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. रोज चालवायची असेल तर आधीची नियमित नोंदणी जिवंत आहे का ते बघा आणि तीच पुढे चालवा.

पेट्रोलच्या बाबतीत इंग्लंडपेक्षा इथे जास्त जपावे लागते, कारण आपल्या पंपांवर आता ई-२० आहे. इथेनॉल सोसणारे होस टाका, कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई आणि मागे असलेल्या एसयू पंपाचा डायाफ्रॅम बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका. आणि मुंबईत किंवा कोकणात राहिलेली गाडी असेल तर वर स्लाऊच्या वाचकांना सांगितलेली सगळी पाहणी करा, चुंबकासकट.