झाडाच्या पानांवर डाग पडलेत, ही बुरशीच आहे हे कसं ओळखायचं?

आधी पानावर बोट फिरवून बघा. पांढरी पूड बोटाला लागली तर भुरी, म्हणजे बुरशीचाच रोग. गुलाब, आंब्याचा मोहोर, सफरचंद यांवर ती हमखास दिसते. पानाखालून नारिंगी-तपकिरी पूड लागली तर तांबेरा, हाही बुरशीचाच रोग. काळा थर पुसून निघत असेल आणि पान चिकट लागत असेल, तर तो थर बुरशीचाच, पण खरं कारण मावा, तुडतुडे किंवा खवले कीड. त्यांनी सोडलेल्या गोड द्रवावर ती वाढते, म्हणून आधी किडीचा बंदोबस्त करा.

पुसून न जाणारे डाग मात्र नीट बघावे लागतात. १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. डागात एकात एक वलयं किंवा टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर बहुधा बुरशी. डाग पाणी मुरल्यासारखा आणि शिरांमध्ये अडकून कोनदार झाला असेल तर जिवाणूंचा संशय घ्या.

तरीही शंका राहिली तर डागाळलेलं पान ओल्या कापसासोबत बंद डब्यात १-२ दिवस ठेवा. डागाच्या कडेला, जिवंत भागालगत तंतू आले का ते पाहा. मेलेल्या भागावर कुठलीही बुरशी उगवते, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

खोडावर छत्रीसारखी बुरशी दिसली तर आतलं लाकूड बहुतेक कुजलेलं असतं. तेव्हा फवारणीत वेळ घालवू नका, जाणकाराला झाड दाखवा.