छोट्या धंद्याचा मार्केटिंग प्लॅन दोन महिन्यांत का सुटतो? टिकेल असा कसा करावा?

तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच जुनी वही आठवली. धुळ्यात घरगुती मसाले आणि शेव विकता, दर दिवाळीनंतर उत्साहाने प्लॅन लिहिता आणि संक्रांत होऊन गेली की तो सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. मी अमळनेरची. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया आणि काळा मसाला करून विकते, याला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं माझंही अगदी असंच व्हायचं.

माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये रोज एक फेसबुक पोस्ट होती, महिन्याला एक प्रदर्शन, पेपरात घालायची पत्रकं आणि दुकानदारांना नमुने. जानेवारीत लिहिला. मार्चमध्ये उन्हाळी कामं लागली. पहाटे चारला उठून भरडलेली ज्वारी शिजवायची, त्यात मिरची, लसूण, तीळ घालायचे आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या कापडावर बिबडे थापून मोकळं व्हायचं. दहा वाजता गच्चीवर पाय ठरत नाही. दुपारी पापड लाटायला बायका यायच्या. त्यात पोस्ट राहिली एक दिवस, मग चार दिवस, मग विषयच संपला. मी स्वतःला आळशी समजून बसले होते. पण चूक माझ्या स्वभावात नव्हती, मांडणीत होती. ज्या महिन्यांत हात सगळ्यात जास्त गुंतलेले, त्याच महिन्यांवर मी सगळ्यात जास्त कामं लादली होती.

म्हणून ताई, आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा. एका रंगाने माल करायचे महिने रंगवा, दुसऱ्या रंगाने माल खपायचे. आपल्याकडे खपाच्या वेळा ठरलेल्या आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि परत जाताना पिशवीत पापड-कुरडया जातातच. श्रावणात कानबाईला, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सुरत, पुणे, नाशकात गेलेली सगळी भाऊबंदकी रोटाच्या प्रसादासाठी गावात उतरते. दिवाळीच्या सुमाराला कापसाचा पैसा हातात यायला लागतो. मसाल्याचं आणखी वेगळं. वर्षाचा मसाला करणारी घरं फेब्रुवारी ते एप्रिल, मिरचीच्या हंगामातच ठरवतात की यंदा घरी करायचा की विकत घ्यायचा. त्यांना दिवाळीत पत्रक देऊन काय उपयोग?

प्रत्येक सणाच्या पाच-सहा आठवडे आधी एक खूण करा. तुमचं बोलणं लोकांच्या कानावर तेव्हा पडायला हवं, कारण सणाच्या आठवड्यात गावाला आलेल्या माणसाकडे नवं दुकान शोधायला वेळ नसतो. आणि त्या दिवसांत लागणारे फोटो, मेसेज, भावपत्रक हे सगळं रिकाम्या महिन्यात तयार करून ठेवा. मी पावसाळ्यात करते, वाळवणं बंद असतात तेव्हा. हंगामात फक्त पाठवायचं काम उरतं, ते दहा मिनिटांत होतं.

दुसरी गोष्ट वहीची, आणि माझ्या मते सगळा प्लॅन हिच्यावरच उभा आहे. दोनशे पानी वही, चार रकाने: तारीख, नाव, काय नेलं, आमच्याबद्दल कुठून कळलं. चौथा रकाना प्रत्येकाला विचारून भरायचा, अंदाजाने नाही. मी पत्रकांवर अडीच हजार रुपये घातले होते. चार महिन्यांनी रकाना मोजला तर पत्रक बघून आलेले तीनच जण. आणि पानामागून पान एकच उत्तर: "शेजारणीकडे खाल्लं." कानबाईला आलेली एखादी बाई अर्धा किलो मसाला सुरतेला घेऊन जायची, तिथे शेवभाजी करायची आणि वासावर शेजारीण विचारत यायची. मी दुकानदारांच्या मागे फिरत होते आणि माझा माल विकत होती ती सुरतेची बाई!

त्या दिवशी पत्रकं बंद केली. आता अर्धा किलोच्या बरणीसोबत पन्नास ग्रॅमची एक पुडी देते. "ही तुमच्यासाठी नाही, शेजारच्यांना द्या," असं सांगून देते. पुडीवर नाव आणि नंबर मोठ्या अक्षरात. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबरही छापलेला असतो, शहरातलं गिऱ्हाईक तो बघतं. तुमच्या वहीत कदाचित वेगळंच काही निघेल. शेव लोक येता-जाता घेतात, तिथे दुकानाची पाटी आणि गूगल मॅपवरचं नाव जास्त कामाचं ठरू शकतं. मॅपवर नाव टाकायला पैसे लागत नाहीत, ते आजच टाका.

पैशाचं थोडक्यात सांगते. शंभराची विक्री झाली की चार रुपये वेगळ्या डब्यात. पुड्या, स्टिकर, मोबाईलचा खर्च त्यातूनच. डबा रिकामा तर त्या महिन्यात नवा खर्च नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एक नक्की लक्षात ठेवा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी यादीतल्या सगळ्यांना पाठवलेला, मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका यादीत २५६ नावं बसतात. मी दोन वर्षं मेसेज पाठवत होते आणि अर्ध्या लोकांना तो जातच नव्हता. आता माल हातात देतानाच समोर नंबर सेव्ह करून घेते. पण खरं काम फोन करतो. चार माणसांच्या घरात अर्धा किलो मसाला साधारण दीड महिना पुरतो. तारीख वहीत आहेच. सहावा आठवडा लागला की फोन लावायचा, "ताई, मसाला सरना का?" म्हणजे संपला का. असं आपल्या अहिराणी बोलीत विचारलं की सुरतेत बसलेल्या बाईला बरं वाटतं, दोन मिनिटं घरचं बोलणं होतं, आणि बरेचदा ऑर्डरही येते. नवं गिऱ्हाईक शोधण्याच्या आधी हे करा.

आता टिकवायचं कसं. माझी सोमवारची दुपार ठरलेली आहे, तीन ते चार. त्या तासात दोनच कामं: वहीतून सहाव्या आठवड्याची नावं काढून फोन, आणि पुढच्या सणाची खूण किती लांब आहे ते बघणं. मोठी जाऊ शेजारी बसून पुड्या भरते. ती बसलेली असली की मला उठता येत नाही, एवढा साधा उपाय आहे. हंगामात हा तास अर्धा होतो, पण बंद होत नाही. आणि एकदा ठरवलेली पद्धत तीन महिने बदलायची नाही, कुणी कितीही नवं सुचवलं तरी. एका आठवड्यात कुणी आलं नाही म्हणून मी पूर्वी दर पंधरा दिवसांनी प्लॅन फिरवायचे, त्यामुळे कशाने फायदा झाला हेच कधी कळलं नाही. तीन महिन्यांनी चौथा रकाना मोजा, मग जे चाललं नाही ते बिनधास्त काढा.

तुम्ही दहा-बारा मसाले करता असं लिहिलंय. प्लॅनमध्ये त्यातला एकच पुढे ठेवा, ज्याच्यासाठी लोक परत येतात तो. बाकीचे बरणीशेजारी मांडलेले दिसतातच. कोणता ते आत्ता सांगता येत नसेल तर या सोमवारी वही सुरू करा आणि महिनाभराने तिसरा रकाना वाचून इथे लिहा, मग पुढचं बोलू.