निर्वासित कोण, शरणार्थी कोण?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: इथली हिंदी वर्तमानपत्रं अमेरिकेने परत धाडलेल्यांना 'निर्वासित' म्हणतात, मराठीत तर निर्वासित छावणीत राहतो. मराठी करताना काय लिहायचं?

मूळ अर्थ 'घरादारातून बाहेर काढलेला'. हिंदीने त्यातली काढण्याची कृती उचलली, म्हणून 'निर्वासन' म्हणजे देशाबाहेर घालवणं. मराठीने काढलेल्या माणसाची दशा उचलली. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्यांना आपण हाच शब्द लावला. तेव्हा ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून अमृतसरला उतरलेले १०४ भारतीय मराठीत निर्वासित नव्हेत. 'परत पाठवलेले' लिहा, फार तर 'हद्दपार'. 'तडीपार' मात्र नको, तो जिल्ह्याबाहेर काढलेला गुंड.

मग निर्वासिताला 'शरणार्थी' म्हणावं? चूक नाही, पण मराठी कानाला खटकतं. हिंदीत शरण घेतात, देतात; आपण शरण जातो. 'आरोपी पोलिसांना शरण आला' हे वाक्य रोज वाचणाऱ्याला शरणार्थी हरलेला वाटतो.

आश्रय मागितलाय पण निकाल लागलेला नाही, तो 'आश्रयार्थी'. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती मान्य झाली की १९५१च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो निर्वासित. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे 'भारताने करारानुसार निर्वासित दर्जा दिला' असं लिहू नका. म्यानमारहून आलेल्या काहींकडे असतं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड. पाकिस्तानातून इंदूरला आलेल्या अनेक सिंधी कुटुंबांकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा. तिथे नुसतं 'पाकिस्तानातून आलेले' पुरतं.

खरी गफलत 'पुनर्वसन' या शब्दात होते. आपल्या भागात तो ऐकला की मध्य प्रदेशातलं हरसूद आठवतं: धरणात गाव गेलं, मोबदला, प्लॉट, नवं गाव. ते विस्थापितांचं, देशातल्या देशात. नेपाळच्या छावण्यांतल्या लाखाहून अधिक भूतानी निर्वासितांना २००७पासून अमेरिकेत आणि इतर देशांत नेलं, ते वेगळं. तिथे उच्चायुक्तालय नावं सुचवतं, घ्यायचं की नाही हे तो देश ठरवतो. निर्वासिताचा त्यावर हक्क नसतो. 'पुनर्वसन' म्हटलं की हक्काचा वास येतो, 'स्थलांतर' म्हटलं की माणूस आपणहून गेला असं वाटतं. सुटसुटीत नसलं तरी 'तिसऱ्या देशात वसवणं' हेच अचूक. शीर्षकात जागा नसेल तर 'अमेरिकेने दहा कुटुंबं वसवून घेतली' असं क्रियापदावर भागवा.