गेज लावल्याशिवाय पंपाला हात लावू नकोस

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मजकूर मी दोनदा वाचला. गाडी सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, तुळजापूरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडते, टाकीतला पंप नवा टाकला, फिल्टर बदलला, तरी दोन्ही तक्रारी तशाच आहेत आणि आता गॅरेजमालक चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग, बदलायला सांगत आहेत, हे सगळे तू नीट लिहिले आहेस. परंतु पंप बदलण्यापूर्वी रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर किती होते, बदलल्यावर किती झाले, गाडी बंद केल्यानंतर दहा मिनिटांनी किती उरले, यांपैकी एकही आकडा त्यात नाही. म्हणजे तू मोजलेच नाहीस. इंजेक्टर बदलू की नको, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते तुझ्याही हातात अजून आलेले नाही.

हे मी रागाने लिहितो आहे असे तुला वाटेल, आणि थोडा राग आहेही. तो कशाचा आहे ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरीला असताना अक्कलकोटच्या एका शिक्षकांची गाडी आली होती. ती चालता चालता बंद पडत असे. मी कानाने पंपाचा आवाज ऐकला, तो मंद वाटला, आणि पंप गेला असे सांगून मोकळा झालो. त्यांनी नव्या पंपाचे पैसे दोन हप्त्यांत दिले. दहा दिवसांनी गाडी वळसंगजवळ पुन्हा बंद पडली, तेव्हा मी पहिल्यांदा मल्टिमीटर घेऊन मागची सीट उचलली. बॅटरीवर १४ व्होल्ट होते आणि पंपाच्या कपलरवर, म्हणजे तारांच्या जोडावर, दहासुद्धा नव्हते. पंपाची अर्थची (निगेटिव्ह) तार ज्या स्क्रूने बॉडीला जोडली होती त्याच्याखाली गंजाची हिरवट-पांढरी पूड साठली होती. पॉलिश पेपरने जागा घासली, नवा वॉशर टाकला, आणि जुना पंप बाहेर काढून थेट बॅटरीवर लावला तर तो ठणठणीत चालला. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, पण पंपाचे पैसे त्यांना परत मिळाले नाहीत. बिल माझ्या हातात नव्हते, मी पगारी माणूस होतो, हे खरे आहे, आणि ते मी स्वतःला आजवर अनेकदा सांगितले आहे. तरीही पंप गेला हे वाक्य माझ्याच तोंडून निघाले होते.

तेव्हापासून मी गेज, म्हणजे पेट्रोलचे प्रेशर दाखवणारे मापक, लावल्याशिवाय पंपाला हात लावत नाही. तू ज्याला खोळंबा म्हणतोस तो अर्ध्या तासाचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या रेलवर गेज लावायला वेगळे तोंड दिलेले नसते, म्हणून पाइप आणि रेल यांच्या मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवावी लागते, आणि नेमका तेवढ्याच त्रासाचा कंटाळा करून माणसे हजारोंचे पार्ट बदलतात. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत प्रेशर बहुधा ३ ते ४ बार, म्हणजे दर चौरस इंचाला ४४ ते ५८ पौंडांच्या आसपास असते. त्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा, अंदाजाने धरू नकोस. डिझेलच्या कॉमन रेलला मात्र हे गेज कधीही लावायचे नाही. तिथे प्रेशर हजार बारांच्या वर जाते, आणि बारीक फटीतून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते.

आता तुझ्या गाडीकडे येतो. तुझ्या दोन तक्रारी आहेत आणि तू त्यांचे कारण एकच धरून चालला आहेस. ते एक असू शकेल, दोनही असू शकतील. सकाळी उशिरा सुरू होणे म्हणजे रात्रभरात रेलमधले प्रेशर उतरणे, अशी शंका घ्यायला जागा आहे. उद्या सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ कर. प्रत्येक वेळी पंप साधारण दोन सेकंद चालून थांबेल. त्यानंतर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली तर शंका बळावली असे समज. मग टीच्या टाकीकडच्या अंगाला बंद करता येणारा व्हॉल्व्ह लाव, गाडी बंद कर, लगेच व्हॉल्व्ह फिरव आणि गेज पाहत बस. प्रेशर तरीही पडत राहिले तर गळती इंजेक्टरकडे आहे. त्याला पुरावा म्हणून सकाळी प्लग काढून ओला-काळा कोणता आहे तेही पाहा. प्रेशर टिकले तर दोष टाकीकडे आहे, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), टाकीतल्या पंपाच्या मॉड्यूलमधला रबरी सील किंवा आतली चिरलेली नळी. पंप बदलताना तू जुनीच नळी आणि जुनाच सील परत बसवला होतास का, ते आठव. नायलॉनची पाइप पकडीने दाबू नकोस, ती तडकते. गाडी जुनी असेल आणि रेलवर प्रेशर राखणारा रेग्युलेटर असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी काढून हुंग; तिच्यात पेट्रोल आढळले तर रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला आहे, आणि पुढचे काहीही शोधायची गरज नाही.

घाटातली तक्रार गॅरेजात उभ्या गाडीवर कधीच कळणार नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, ३ बार दाखवणारी गाडी पूर्ण अॅक्सिलरेटरवर २ बारांवर येऊ शकते, आणि तेवढ्यात ती दम सोडते. गेजची नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढ, गरम एक्झॉस्टपासून लांब बांध, गेज काचेवर बाहेरच्या बाजूने टेपने पक्के चिकटव, शेजारी दुसरा माणूस बसव आणि तुळजापूर रस्त्याला जा. गेज केबिनमध्ये घ्यायचे नाही. नळी सुटली तर पेट्रोल मांडीवर सांडेल. तुझे डोळे रस्त्यावर, त्याचे काट्यावर. काटा घाटात पडला तर परत येऊन आधी कपलरवर पंप चालू असताना व्होल्ट मोज. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पंपाच्या अर्थला लावून पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब आहे. विजेची बाजू चोख निघाली तरच टाकी उघड आणि पंपाच्या तोंडाची जाळी पाहा. काटा घाटभर हलला नाही तर इंधनाचा नाद सोड आणि एक्झॉस्टमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का ते तपास.

स्कॅनर जवळ असेल तर ट्रिमही बघ, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते. आयडलला ठीक आणि लोडवर २० टक्क्यांपर्यंत वाढलेली ट्रिम इंधन कमी पडत असल्याची शंका देते. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी होणारी ट्रिम बहुधा बाहेरून हवा ओढली जात असल्याची खूण असते. हवा मोजणारा सेन्सर मळला तरी चित्र पहिल्यासारखेच दिसते, म्हणून स्कॅनरवर विसंबून निर्णय करू नकोस. गेज लाव.

इथेनॉलचेही तू लिहिले आहेस. आपल्या जिल्ह्यात उसाच्या जिवावर इथेनॉल तयार होते आणि आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे प्रत्येक बिघाडाचे खापर त्याच्यावर फोडायची सवय लागली आहे. जुन्या गाडीत त्याने ट्रिम पाच-सात टक्के वर जाते, जुनी रबरे खराब होतात, आणि पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी, नेमके जाळीजवळ उतरते. हे सगळे खरे आहे. पण टाकीतले पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवायला काय लागते? खाली वेगळा थर दिसला तर बोल, नाही तर बोलू नकोस.

मला 'हळू मिस्त्री' म्हणतात हे तू ऐकले असशील. या सवयीपायी माझी गिऱ्हाइके गेली, आणि पार्ट विकण्याचे टार्गेट मान्य न केल्याने एक चांगली नोकरीही गेली. घरच्यांनी त्याची झळ सोसली, त्याचे मला वाईट वाटते. नोकरी सोडल्याचे मात्र वाटत नाही. तिथे राहिलो असतो तर अक्कलकोटच्या शिक्षकांसारखी आणखी शंभर माणसे माझ्या शब्दावर पैसे मोजून गेली असती.

आणखी एक. गरम इंजिनवर रेलची पाइप काढताना हातावर पेट्रोल उडाले, असे तू सहज लिहून गेला आहेस. हे पुन्हा करू नकोस. आधी पंपाचा फ्यूज काढ, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे, बॅटरीची निगेटिव्ह काढ, इंजिन गार होऊ दे, जोडावर फडके धर, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेव. सोलापूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली काय तापते, हे तुला मी सांगायला नको.

गॅरेजमालकांकडून दोन दिवस मागून घे. माझे गेज हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो आहे. टीचे रबरी ओ-रिंग जुने झाले आहेत, ते नवे टाकून मगच जोड. आयडलचे, दहा मिनिटांनंतरचे आणि घाटातले, असे तिन्ही आकडे कागदावर लिहून रविवारी सकाळी ये.