‘न्यूनीकरणवाद’ हा शब्द का नको

समाजशास्त्राचा एक लेख मराठीत आणणाऱ्या वाचकाने विचारले आहे: ‘रिडक्शनिझम’ (एखादी गोष्ट तिच्या घटकांवरून पूर्ण उलगडता येते, हे मत) आणि ‘होलिझम’ (अखंड वस्तू भागांच्या बेरजेपलीकडे काही असते, हे मत) यांना ‘न्यूनीकरणवाद’ आणि ‘समग्रतावाद’ म्हटले तर चालेल का?

पहिला शब्द टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. ‘रिड्यूस’चा मूळ लॅटिन अर्थ ‘मागे नेणे’. ‘कमी करणे’ हा नंतर आला. शाळेत आपण ६/८ ला संक्षिप्त रूप देऊन ३/४ लिहितो, तेव्हा किंमत तसूभरही घटत नाही. माणसाचे वागणे मेंदूतल्या पेशींवरून उलगडू पाहणाऱ्याचा दावा हाच असतो, की यात काही गळलेले नाही. तो खरा की खोटा, हाच तर वाद. त्याच्या मताला ‘न्यूनीकरण’ म्हटले की वाद सुरू होण्याआधीच निकाल लागतो. ‘अपचय’ आणि ‘क्षपण’ हे शब्द अनुक्रमे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र यांत रुळले आहेत, तेही नकोत. मी ‘घटकनिष्ठ’ म्हणेन.

बोलण्यात ‘रिड्यूस’ करण्याला एक नेमका प्रयोग आहे: ‘तू सगळं शेवटी पैशावर आणून ठेवतोस.’ यात तक्रारीचा सूर आहे, म्हणून टीकाकाराच्या तोंडी तो शोभतो. समर्थकाच्या तोंडी ‘घटकांवरून उलगडणे’ घाला. टीकाकाराच्या बाजूचे, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाइम यांचे उदाहरण घ्या. आत्महत्येइतकी खासगी कृती दुसरी नसेल. पण १८९७च्या ग्रंथात त्यांनी मांडले की तिचे प्रमाण समाजगटानुसार बदलते, प्रोटेस्टंटांत ते कॅथलिकांपेक्षा जास्त असते. आणि कारण शोधले ते माणूस आपल्या गटाशी किती घट्ट बांधलेला आहे, यात. ते प्रमाण त्यांनी एकेकाच्या मनःस्थितीवर आणून ठेवले नाही. हे वाक्य कोणत्याही ‘-वादा’शिवाय कळते.

‘होलिझम’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या यान स्मट्स यांनी १९२६ साली ग्रीक ‘होलोस’, म्हणजे अखंड, यावरून घडवला. ‘समग्र’ म्हटले की मला ‘समग्र वाङ्मय’ आठवते: सगळे खंड एकत्र बांधलेले. ती बेरीज झाली, आणि बेरजेपलीकडे काही असते हेच तर सांगायचे आहे. व्युत्पत्ती पाहिली तर ‘सकल’ म्हणजेही ‘सर्व कलांसह’, म्हणजे सर्व अंशांसह, तिथेही भाग मोजलेलेच. पण ‘साकल्याने विचार करणे’ या प्रयोगात भागांमधले संबंध पाहणे आपोआप येते. म्हणून ‘साकल्यवाद’.

हा वाद आपल्याकडेही जुना आहे. धाग्यांहून वस्त्र ही वेगळी, नवी वस्तू आहे असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणत. बौद्धांच्या मते वस्त्र हे केवळ नाव. नैयायिकांची ‘अवयव-अवयवी’ (भाग आणि भागांनी बनलेली वस्तू) ही जोडी मला फार आवडते, पण आज ‘अवयव’ म्हटले की हातपाय आणि अवयवदानच डोळ्यांपुढे येते. तेव्हा शीर्षकात ‘घटकनिष्ठ’ आणि ‘साकल्यवादी’ ठेवा, आणि ‘अवयवी’ची ओळख एखाद्या तळटीपेत जरूर करून द्या.