उकळतं पाणी सांडून हात भाजला, मोठा फोड आलाय. फोडावा का? आणि घरात लहान मूल असेल तर काय काळजी घ्यावी?

फोड फोडू नका. आणि हात आजच डॉक्टरांना दाखवा. बाकीचं परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी भांडं उचलताना उकळतं पाणी डाव्या पंजाच्या मागच्या बाजूवर आणि मनगटावर सांडलं, घरच्यांनी आधी बर्फ चोळला, मग टूथपेस्ट लावली आणि सकाळी उठून बघता तर टम्म फोड. मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. बर्फ, मग टूथपेस्ट, मग फोड ही हकीकत आम्ही इतक्यांदा ऐकलीये की माणूस बोलायला लागला की पुढचं वाक्य आम्हीच सांगू शकतो. घरच्यांवर चिडू नका. समोर कुणी कळवळत असलं की काहीतरी लावावंसं वाटतंच. पण भाजल्यावर पहिल्या अर्ध्या तासात उपयोगी पडतं ते नळाचं साधं वाहतं पाणी, दुसरं काहीही नाही.

त्याचं कारण असं. पाणी अंगावरून ओघळून गेलं तरी उष्णता कातडीत शिरलेली असते आणि ती खालच्या थरांना पोळत राहते. जखमेच्या अगदी केंद्रातली कातडी जी मेली ती मेली, ती परत येत नाही. तिच्या भोवतीच्या पट्ट्यात मात्र रक्तपुरवठा मंदावलेला असतो, पण जीव असतो. त्याच्याही बाहेर नुसती लाली. जॅक्सन नावाच्या ब्रिटिश सर्जननी 1953 मध्ये हे तीन भाग मांडले आणि आजही जखम बघताना आम्ही तसाच विचार करतो. सगळी लढाई त्या मधल्या पट्ट्यासाठी असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो एकतर सावरतो, नाहीतर मरतो आणि जखम आणखी खोल होते. काल नुसतं लाल दिसणारं आज फोड होऊन वर येतं ते यामुळेच.

वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरलं की त्या पट्ट्याला जगायला संधी मिळते. 20 मिनिटं घड्याळ लावून मोजा, कारण दोन मिनिटांत बरं वाटायला लागतं आणि लोक हात काढून घेतात. लगेच पाणी मिळालं नाही तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत हे केल्याचा फायदा होतो. बर्फाने नेमकं उलटं होतं: रक्तवाहिन्या आकसतात, त्या अर्धमेल्या पट्ट्याचं उरलंसुरलं रक्तही आटतं, शिवाय बर्फाने कातडीला वेगळी इजा होते ती निराळीच.

पाण्याखाली हात असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं. हे कुणाला सुचत नाही. तासाभरात बोट सुजतं आणि अंगठी मांसात रुतते. मग आमच्याकडे एक छोटं चक्रीचं हत्यार असतं, त्याची पातळ जीभ अंगठीखाली सरकवायची आणि मूठ फिरवत अंगठी कापायची. ती जीभ सरकवायची म्हणजे भाजलेल्या, फुगलेल्या बोटाला दाबूनच. तुमच्या बोटात अजून अंगठी असेल तर आत्ता काढा. निघत नसेल तर ओढाताण करू नका, दवाखान्यात पोचल्याबरोबर सांगा.

टूथपेस्टबद्दल थोडं. ती वाळली की प्लॅस्टरसारखी बसते. ड्रेसिंग करताना आधी ती भिजवावी लागते: सलाईनने ओली केलेली गॉजची पट्टी पाच-दहा मिनिटं ठेवायची, कडेचा पापुद्रा सुटला की तेवढाच पुसायचा, पुन्हा भिजवायचं. त्यात फोडाची कातडी सोबत निघून आली तर माणूस खुर्चीतून उठतो. आणि जखम किती खोल आहे ते रंगावरूनच कळतं: गुलाबी, ओलसर, दाबल्यावर पांढरी होऊन परत गुलाबी होणारी असेल तर वरवरची, पांढरट किंवा तपकिरी, चामड्यासारखी असेल तर खोल. वर पेस्ट, लोणी, तेल किंवा रंगीत मलम थापलेलं असलं की हे दिसतच नाही. म्हणून घरी पेस्ट खरवडू नका, साध्या पाण्याच्या हलक्या धारेने जेवढी जाईल तेवढी जाऊ द्या. औषधाच्या कपाटात पडलेलं चांदीयुक्त पांढरं मलमसुद्धा मनाने लावू नका. एके काळी ते सरसकट वापरायचे, पण त्याने साधी जखम भरायला उलट वेळ लागतो.

आता फोड. त्याच्या वरची कातडी ही आतल्या ओल्या जखमेची निर्जंतुक झाकण आहे, ती असेपर्यंत दुखतंही कमी. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने हलकेच धुवा, लोंबणारी कातडी ओढू नका, वर न चिकटणारी ड्रेसिंगची जाळी ठेवा. कापूस मुळीच नको, त्याचे तंतू जखमेत अडकून बसतात. सांध्यावरचा मोठा फोड डॉक्टर कधीकधी स्वतः उघडतात, पण तो निर्णय त्यांचा. दवाखान्यात जाईपर्यंत खाद्यपदार्थ झाकायची पातळ प्लॅस्टिक फिल्म नुसती वरून अंथरा, गुंडाळू नका. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा, आणि दुखलं तरी बोटं हलवत राहा, नाहीतर ती ताठरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा, डॉक्टर हमखास विचारतील.

एवढ्याशा भाजण्याला डॉक्टर कशाला, असं वाटेल. जखम हातावर आहे म्हणून. हात, पाय, चेहरा, गुप्तांग, सांधे, किंवा हातापायाला कड्यासारखा वेढा घालणारी जखम, ही लहान असली तरी दाखवायचीच. आकार मोजायला रुग्णाचा स्वतःचा तळवा वापरा: बोटांसकट तळवा म्हणजे शरीराचा साधारण 1 टक्का. बाळं, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांच्या बाबतीत वाट बघायचीच नाही. आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही: न दुखणारी जखम जास्त वाईट असते, कारण तिथे दुखणं कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात.

विजेचा धक्का बसून भाजलं असेल तर आधी मेन स्विच बंद, त्याआधी माणसाला हात लावायचा नाही. बाहेर फक्त ठिपका दिसतो पण आत स्नायू आणि हृदयाची लय बिघडलेली असू शकते. आगीत धूर छातीत गेला असेल, आवाज बसला असेल, नाकातले केस करपले असतील तर थेट इस्पितळ.

मुलाबद्दल. दीड वर्षाचं मूल म्हणजे हात वर करून जे लागेल ते ओढणारं. त्यामुळे वॉर्डात येणाऱ्या या वयाच्या मुलांच्या जखमा बघताक्षणी ओळखू येतात: हनुवटीखाली, मानेवर, एका खांद्यावर आणि छातीवर, खाली जाता जाता निमुळत्या होत गेलेल्या. वर बघत कप ओढला आणि तो तोंडावर-छातीवर उपडा झाला, एवढीच कथा असते. बहुतेक वेळा आगीचा संबंधही नसतो. कुणाच्या तरी गरम चहाचा किंवा कॉफीचा कप असतो, आणि तो ओतून दहा-पंधरा मिनिटं झालेली असली तरी बाळाच्या पातळ कातडीला पुरतो. माझ्या मते मूल मांडीवर असताना गरम काही पिणं हा घरातला सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे, गॅसपेक्षाही. टेबलावरून लोंबणारं कापड आणि केटलची लोंबती वायर आजच काढा. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवा, उकळतं ते मागच्या बर्नरवर ठेवा.

अंघोळीच्या पाण्याचं गणित लक्षात घ्या. 60 अंश सेल्सियसचं पाणी मोठ्या माणसाला पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, मुलाला त्याहून लवकर. 49 अंशांवर त्याच इजेला काही मिनिटं लागतात, म्हणजे हात मागे घ्यायला वेळ मिळतो. म्हणून नळातून येणारं पाणी 50 अंशांच्या खाली राहील असं बघा. टबात किंवा बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ढवळून कोपराने बघायचं, आणि मग मूल.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नका. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद, वर झाकण, तेल गार होईपर्यंत ते उघडायचं नाही.

आणि तरीही मुलाच्या अंगावर काही सांडलंच, तर कपडे लगेच उतरवा, डायपरसुद्धा, कारण त्यात गरम पाणी साठून राहतं. कातडीला चिकटलेला भाग असेल तर तो तसाच ठेवून भोवतीचा कापा. भाजलेल्या भागावर 20 मिनिटं पाणी, पण उरलेलं अंग चादरीत गुंडाळून उबदार ठेवा. मुलं पटकन गारठतात, कुडकुडायला लागलं तर पाणी थांबवा. मग दवाखाना. घरी परत आल्यावर पहिले काही दिवस नीट लक्ष ठेवा. जखम किरकोळ असली, चांगली दिसत असली, तरी मुलाला ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब किंवा विचित्र मरगळ आली तर जंतूंचं विष रक्तात भिनल्याचं ते लक्षण असू शकतं आणि तासातासाने बिघडतं. रात्र असली तरी इस्पितळात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना मूल किती दिवसांपूर्वी भाजलं होतं ते आधी सांगा, कारण तापाने फणफणलेलं मूल बघून भाजल्याचा विचार कुणाच्या मनात येईलच असं नाही.